सहा टक्क्यांचा हिशेब



‘स्मार्ट सिटी’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी, शहराच्या वाहतुकीचे आकडे प्रामाणिकपणे वाचणारे एक संशोधक अमेरिकेत होऊन गेले नाहीत, तर घडत होते. ते म्हणजे डॅनियल मॅकफॅडन. मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचे. पुढे ते अर्थशास्त्राकडे वळले.

सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७२ साली ‘बार्ट’ ही विद्युत रेल्वे सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील, असा अधिकृत अंदाज होता. त्यात विभागवार गोळाबेरीज होती, माणूस नव्हता. मॅकफॅडन यांनी रेल्वे धावण्यापूर्वीच ७७१ नोकरदारांची माहिती घेतली : प्रवासखर्च किती, वेळ किती, थांब्यावर ताटकळणे किती. त्यावरून प्रत्येकाची निवड गणिताने मांडली. उत्तर आले ६.३ टक्के. उत्साहाच्या त्या दिवसांत असा आकडा कोणाला रुचणार! प्रत्यक्षात प्रवासी निघाले ६.२ टक्के.

या निवडशास्त्राच्या सिद्धांतासाठी त्यांना २००० साली नोबेल सन्मान लाभला. त्या व्याख्यानात त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, इतक्या अचूकतेत नशिबाचाही वाटा होता. स्थानकापर्यंत लोक किती चालतील, हा अंदाज तर त्यांनी जास्तच धरला होता.