कोंकच्या खिडक्यांतला उजेड



चर्चच्या रंगीत काचा म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे संतांची चित्रं येतात, फरशीवर सांडलेला लाल-निळा रंग येतो. आज ज्या खिडक्यांविषयी मी बोलणार आहे, त्यांत रंगीत काचेचा एक तुकडा नाही आणि एकही आकृती नाही. तरीही माझ्या मते विसाव्या शतकात एखाद्या जुन्या वास्तूला मिळालेलं हे सगळ्यांत समंजस दान आहे.

दक्षिण फ्रान्सच्या डोंगरात कोंक नावाचं लहानसं गाव आहे. स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राला पायी निघालेले यात्रेकरू शतकानुशतकं इथे मुक्कामाला थांबत आले. तिथलं सँत फ्वाचं मठ-चर्च अकराव्या-बाराव्या शतकातलं. पश्चिमेच्या दारावर अंतिम न्यायाचं शिल्प आहे, त्यात सव्वाशेच्या आसपास मूर्ती. एकोणिसाव्या शतकात इमारत मोडकळीला आली होती. 1837 मध्ये प्रॉस्पेर मेरिमे हा लेखक सरकारी निरीक्षक म्हणून तिथे पोचला आणि त्याच्या खटपटीमुळे ती वाचली.

तिथून जवळच, रोदेझ या गावी, 1919 मध्ये पिएर सुलाज जन्मला. शाळेच्या सहलीत तो कोंकला आला आणि कलावंत व्हायचं त्याने तिथेच ठरवलं. पुढे तो काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून जगभर गाजला. काळ्या रंगाच्या पृष्ठभागावरून उजेड कसा परततो, हाच त्याचा आयुष्यभराचा ध्यास. म्हणूनच फ्रेंच सरकारने 1987 च्या सुमारास कोंकच्या खिडक्या त्याच्याकडे सोपवल्या, तेव्हा काळ्याचा उपासक काचेकडे कसा वळला, असा प्रश्न मला कधी पडला नाही. विषय तोच होता.

त्या वेळी तिथे विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलेल्या रंगीत, संतचित्रांच्या काचा होत्या. गावकऱ्यांचा त्यांच्यावर जीव होता आणि बदलाला विरोधही झाला. तो विरोध मी हसण्यावारी नेणार नाही. जिथे आपण रोज प्रार्थना करतो तिथली खिडकी बदलणं ही साधी गोष्ट नसते. पण सुलाजने आधी भिंतींकडे पाहिलं. कोंकचा दगडच रंगीत आहे: पिवळसर चुनखडी, तांबूस वालुकाश्म, निळसर करडा शिस्ट. त्यावर लाल-निळा उजेड पडला की दगडाचा स्वतःचा रंग बुडून जातो. म्हणजे खिडकी सजवावी आणि घर झाकून टाकावं!

त्याला हवी तशी काच बाजारात नव्हती. आपली नेहमीची दुधी काच सगळीकडे सारखीच मंद असते. तिच्यात जीव नसतो. तुलूझचा काच-कारागीर झाँ-दोमिनिक फ्लरी याच्या साथीने शेकडो प्रयोग झाले. शेवटी रंगहीन काचेचे लहान-मोठे कण साच्यात पसरून, ते भट्टीत एकजीव करून काच सिद्ध झाली. कण कुठे बारीक, कुठे जाड. त्यामुळे उजेड कुठे अडतो, कुठे सहज पार होतो. बाहेरचं दिसत नाही, पण प्रकाश काचेतूनच उगवल्यासारखा वाटतो. सकाळी निळसर, दुपारनंतर उबदार केशरी अशा छटा काचेत येतात त्या त्या वेळच्या उजेडामुळे. बाहेरून ज्या काचेवर निळसर झाक दिसते, तीच आतून तांबूस वाटू शकते.

काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा विचार तर मला फार आवडतो. पांढऱ्या फळ्यांवर काळी चिकटपट्टी लावत सुलाजने प्रत्येक खिडकीचा आराखडा पूर्ण मापात केला. रेषा तिरप्या, किंचित वळलेल्या ठेवल्या. कारण खांब सरळ उभे आणि कमानी अर्धगोल. त्यांच्याशी स्पर्धा करणारी एकही रेषा त्याला नको होती. काचेभोवती नक्षीची किनारही दिली नाही, त्यामुळे उघड्या जागेचा जुना आकार तसाच राहतो. लहान-मोठी मिळून 104 झरोके-खिडक्या, सात वर्षांचं काम, 1994 मध्ये पूर्ण झालं. तेव्हा सुलाज पंचाहत्तरीला टेकला होता.

आपली सही उमटवायची संधी असताना त्याने दगडाला पुढे केलं, हे मला मोठेपणाचं वाटतं. जुन्या वास्तूंमध्ये नवं काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या खिडक्यांखाली एक दिवस बसावं.

तुमच्यापैकी कुणी कोंकला गेलात, तर मुक्काम करा. सकाळी एकदा आत जा आणि सूर्य कलल्यावर पुन्हा जा.