बाटलीतला तुकडा आणि तो कापणारा हात

(गणेशोत्सवात मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पाच्या मांडवात हा विषय काहींना विचित्र वाटेल. पण आपल्यातल्या बहुतेक घरांत कुणाचं तरी गर्भाशय, पित्ताशय किंवा स्तनातली गाठ काढलेली आहे, आणि नंतर "रिपोर्ट आला का?" म्हणत सगळं घर वाट पाहत बसलेलं आहे. आम्ही प्रयोगशाळेतली मंडळी. त्या दिवसांत आत काय चालतं, ते सांगायला आलो आहोत.

काढलेला अवयव फॉर्मॅलिनच्या बाटलीत येतो. फॉर्मॅलिन फार सावकाश मुरतं, तासाला साधारण एक मिलिमीटर. म्हणून मोठा अवयव नीट चिरून ठेवावा लागतो, नाहीतर बाहेरून टणक आणि आतून सडलेला, अशी गत होते. मग येतं 'ग्रॉसिंग'. अवयव मोजायचा, वजन करायचं, कडांना शाई लावायची. कर्करोग कडेपर्यंत पोचला का, हे पुढे काचेवर त्या शाईवरूनच कळतं. शेवटी तीन-चार मिलिमीटर जाडीचे निवडक तुकडे घ्यायचे.

निवडक हा शब्द लक्षात ठेवा. मोठा अवयव सगळाच्या सगळा सूक्ष्मदर्शकाखाली जात नाही, आणि जो भाग निवडला नाही तो तिथे कुणीच पाहत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात चरबीत दडलेल्या लसिकाग्रंथी निदान 12 तरी तपासाव्यात, असा जगभरचा दंडक आहे. काही तर मसुराच्या दाण्याएवढ्या असतात. डोळ्यांपेक्षा बोटांनाच त्या आधी लागतात. चार सापडल्या म्हणून थांबलं, आणि रोग पाचवीत असला, तर केमोथेरपीचा निर्णयच चुकू शकतो. हे पुस्तक वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच येतं.

आपल्याकडे हे काम मुख्यतः पॅथॉलॉजिस्ट किंवा शिकाऊ डॉक्टर करतात. टेक्निशियनचं काम त्यापुढचं: तुकडा मेणात बसवणं, चार मायक्रॉनचा काप काढणं, रंगवणं. इंग्लंडात मात्र प्रशिक्षित प्रयोगशाळा-वैज्ञानिकही हा चाकू धरतात. तिथे नमुन्यांचे ए ते ई असे वर्ग पाडलेले आहेत. 'ए'मधली बायोप्सी नुसती उचलून ठेवायची असते. 'ई'मध्ये कर्करोगाचे गुंतागुंतीचे अवयव येतात. शिकणारा सोप्याकडून अवघडाकडे जातो, केलेल्या प्रत्येक नमुन्याची नोंद ठेवतो, आणि वरच्या पायरीसाठी त्यांची व्यावसायिक संस्था व पॅथॉलॉजिस्टांचं रॉयल कॉलेज यांची परीक्षा देतो.

आपल्या गावात 2008 साली रिम्स आलं. 2021 साली संसदेने केलेल्या कायद्याने प्रयोगशाळेच्या व्यवसायालाही आरोग्यसेवेत रीतसर स्थान दिलं. आमचं स्पष्ट मत असं, की अपेंडिक्स, पित्ताशय असले साधे नमुने डॉक्टरांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या टेक्निशियनने कापावेत. डॉक्टरांचा वेळ अवघड नमुन्यांना मिळेल. काही डॉक्टरांना हे पटत नाही. एकदा चुकीचा काप गेला की तो परत जोडता येत नाही, असं ते म्हणतात. खरंच आहे. म्हणून तर प्रशिक्षण रीतसर हवं. बघून बघून शिकलेल्या हाती चाकू देणं आम्हालाही मान्य नाही.

1956 साली किनवट आणि राजुरा तालुके आपल्या जिल्ह्यातून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण इकडे राहिलो. पण आजारपणाला राज्याची सीमा कुठली? आजही नातेवाईक पिशवीत बाटली घेऊन कधी नागपूर, कधी हैदराबाद गाठतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. नमुना पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. फॉर्मॅलिनच हवं, आणि तेही नमुन्याच्या दहापट. बाटली रुंद तोंडाची घ्या. मऊ असताना आत गेलेला अवयव फॉर्मॅलिनमध्ये कडक होतो आणि अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. मग बाटली फोडावी लागते. फॉर्मॅलिन विषारी आहे, तेव्हा झाकण घट्ट ठेवा आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. रुग्णाचं नाव बाटलीच्या अंगावर लिहिलंय ना, ते निघण्याआधी पाहून घ्या, झाकणावर नको. टेबलावर दहा बाटल्या उघडल्या की झाकणं बदलतात.