महागाईच्या काळातील महागडे समभाग

एखादी कंपनी उत्तम असणे आणि तिच्या समभागासाठी मोजलेली किंमत योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महागाई आटोक्यात असते तोवर त्यांतील अंतर सहसा नजरेत भरत नाही. परंतु ती वाढू लागली आणि तिच्यापाठोपाठ व्याजदर चढू लागले, की हेच अंतर गुंतवणूकदाराच्या भांडवलावर घाला घालते. ज्या कंपन्यांचा नफा बाजाराच्या सरासरीपेक्षा बराच वेगाने वाढत असतो, किंवा पुढे तसा वाढेल अशी अपेक्षा असते, त्यांच्या समभागांना वृद्धी-समभाग म्हणतात. त्यांचा महागडेपणा मोजण्याचे रूढ साधन म्हणजे किंमत-उत्पन्न गुणोत्तर, म्हणजेच समभागाच्या भावाला प्रतिसमभाग वार्षिक नफ्याने भागले असता येणारा आकडा, ज्याला बाजारात ‘पीई’ म्हणतात. हा आकडा ५० असेल, तर गुंतवलेल्या शंभर रुपयांमागे कंपनीचा चालू नफा अवघा दोन रुपये असतो आणि किंमत मुख्यतः भविष्यातील नफ्याच्या भरवशावर मोजलेली असते.

या भरवशाची कठोर परीक्षा अमेरिकेत १९७३ आणि १९७४ या दोन वर्षांत झाली. तेथील मोठ्या गुंतवणूक संस्थांनी झेरॉक्स, पोलरॉइड, एव्हॉन, मॅकडोनाल्ड्स, कोका-कोला अशा सुमारे पन्नास नामांकित कंपन्यांचे समभाग ‘एकदा घ्यावेत आणि कधीही विकू नयेत’ असे मानले होते. या समूहाला ‘निफ्टी फिफ्टी’ म्हणत आणि मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी त्याचा काही संबंध नाही. १९७२च्या अखेरीस या समूहाचा सरासरी पीई चाळिशीच्या पुढे, म्हणजे एकूण बाजाराच्या दुपटीहून अधिक होता आणि पोलरॉइडचा तर नव्वदीपलीकडे गेला होता. त्यानंतर ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले, खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला आणि अमेरिकेतील वार्षिक महागाईचा दर १९७४च्या अखेरीस १२ टक्क्यांवर पोहोचला. या काळात एकूण बाजार जवळजवळ निम्म्यावर आला, तर पोलरॉइडचा समभाग आपल्या उच्चांकापासून सुमारे ९० टक्के कोसळला. आणि मॅकडोनाल्ड्सचा नफा वाढत असतानाही तिच्या समभागाला मोठी घसरण सोसावी लागली.

नफा वाढत असताना भाव का पडतो, याचे उत्तर वर्तमान मूल्याच्या संकल्पनेत आहे. पुढे मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत प्रचलित व्याजदरावर ठरते, कारण तीच रक्कम आज सुरक्षित ठेवीत गुंतवण्याचा पर्याय नेहमीच खुला असतो. एका वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांचे वर्तमान मूल्य ४ टक्के दराने सुमारे ९६ रुपये आणि १० टक्के दराने सुमारे ९१ रुपये, म्हणजे केवळ ५ रुपयांनी कमी होते; मात्र दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे मूल्य त्याच बदलामुळे सुमारे ६८ रुपयांवरून ३९ रुपयांवर घसरते. वृद्धी-समभागांच्या नफ्याचा मोठा वाटा दूरच्या वर्षांत असल्याने व्याजदरवाढीचा आघात त्यांच्यावर सर्वाधिक होतो. शिवाय कच्चा माल, वेतन आणि यंत्रसामग्री महागल्यामुळे विस्तारासाठी अधिक भांडवल लागते, आणि ज्या कंपनीला ते कर्जातून किंवा नव्या समभागांच्या विक्रीतून उभारावे लागते तिची वाढ नेमकी याच काळात मंदावते.

२०२२ मध्ये हीच प्रक्रिया पुन्हा दिसली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई रोखण्यासाठी शून्यालगतचा व्याजदर वर्षभरात चार टक्क्यांच्या पुढे नेला आणि तंत्रज्ञान कंपन्यांचे प्राबल्य असलेला नॅसडॅक निर्देशांक त्या वर्षी सुमारे ३३ टक्के घसरला. भारतातही रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून रेपो दर वाढवला. आदल्या वर्षी मोठ्या मूल्यांकनाने बाजारात आलेल्या, परंतु तोट्यात असलेल्या झोमॅटो आणि पेटीएम यांचे समभाग त्या वर्षी प्राथमिक विक्रीच्या किमतीच्या बरेच खाली गेले, आणि व्यवसायाविषयीच्या शंकांबरोबरच महागलेले भांडवल हेही त्यामागील एक कारण होते.

वृद्धी-समभाग टाळावेत, असा याचा अर्थ नाही. अर्थतज्ज्ञ जेरेमी सीगल यांच्या अभ्यासानुसार १९७२च्या उच्चांकी भावाने घेतलेल्या निफ्टी फिफ्टी समूहानेही पंचवीस वर्षांनी जवळपास बाजाराइतका परतावा दिला. परंतु निवृत्ती, मुलांचे शिक्षण किंवा घर यांसाठी लागणारा पैसा इतकी वर्षे थांबू शकत नाही. म्हणून महागाई वाढत असताना कंपनीच्या लौकिकाबरोबर तिचा पीई, खर्चवाढ ग्राहकांकडून वसूल करण्याची तिची क्षमता आणि बाहेरील भांडवलावरील तिचे अवलंबित्व तपासावे, आणि नजीकच्या वर्षांत लागणारी रक्कम अशा समभागांत कधीही ठेवू नये. कष्टाने साठवलेल्या पैशाला एवढी काळजी मिळालीच पाहिजे.