दुखण्याची वाट पाहू नका



नखुरडे झाले की आपल्या घरी बोटाला लिंबाची टोपी चढते. मधुमेही माणसाच्या बोटावर ती दिसली की आम्हा शल्यचिकित्सकांना धास्ती वाटते. संवेदना मंदावलेल्या बोटाला ठणका जाणवत नाही आणि पू हाडापर्यंत पोहोचतो. आरंभीचे सुमारे २ आठवडे क्ष-किरण चित्रातही हाड निरोगी भासू शकते.

शस्त्रक्रियेत आम्ही पू व मृत हाड काढतो आणि हाडाचा तुकडा तपासून नेमके प्रतिजैविक ठरवतो. रोगट हाड उरले, तर ते ६ आठवड्यांपर्यंतही द्यावे लागते. सोबत रक्तातील साखरही आटोक्यात आणावी लागते. उशीर झाल्यास मात्र पेर, प्रसंगी संपूर्ण बोट गमवावे लागते. म्हणून विनंती एवढीच: बोट सुजले की त्याच दिवशी दाखवा.