पट्टीची कोरी बाजू



राजुरी ही माझी सासुरवाडी. सासुरवाडीत जावयाला खुर्ची मिळते, बोलायला सहसा मिळत नाही. आज दोन्ही मिळालंय, तेव्हा थोडं सोसा.

या संमेलनातला माझा विषय जड आहे: विचारवंत आणि आजचं जग. पत्रिका वाचून एक पाहुणे म्हणाले, "मास्तर, युक्रेन-गाझावर बोलायला मुंबईचा माणूस आणायचा ना! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला मला आळेफाट्याला जावं लागतं.

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली. त्यानंतरच्या एका लिलावाला मी पुतण्याबरोबर आळेफाट्याच्या उपबाजारात होतो. बराखीत उन्हाळ्यापासून जपलेला शेवटचा कांदा. वरून चकचकीत, आतून कुठंकुठं मोड आलेला. गोणीचं तोंड उसवलं, कांदा खाली ओतला. व्यापाऱ्यानं एक उचलून दाबून पाहिला आणि दहा किलोचा भाव पुकारला. पुतण्या काही बोलला नाही. शेजारचा गडी मात्र म्हणाला, "बांगलादेशात माल जायचा थांबला की आपल्याकडं असं होतंय." तो माझाच विद्यार्थी. शाळेत त्याला नकाशावर ढाका कधी सापडलं नाही, कांद्यानं दाखवलं. बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणाले होते, उठली ४ मे २०२४ ला. तोवर आमच्या बराखीत झाडायला फक्त फोलपटं उरली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याच्या गोणीचा भाव परदेशात हलतो, त्याला परदेशाविषयी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि हे आजचं नाही. जुन्नरच्या लेण्यांत टाकं आणि भोजनमंडप दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीक वंशाच्या लोकांची, नावं कोरलेली आहेत. नाणेघाटानं चढणारा माल कुठून कुठं जायचा, हे इथल्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीही ठाऊक असणार.

पण ठाऊक असणं वेगळं आणि त्यातून विचार उभा करणं वेगळं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाचे भाव चढले, सावकारानं हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तेवढं राहिलं. मे १८७५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. त्याच्या दोन वर्षं आधी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. युद्ध एकच. त्यातून कुणब्याला कर्ज मिळालं आणि जोतीरावांना नातं सापडलं: तिथला गुलाम आणि इथला शूद्रातिशूद्र यांचं. जगावरचं भाष्य म्हणतात ते मला तरी हे वाटतं. तो विचार पुण्यात थांबला नाही, आपल्या जुन्नर तालुक्यात ओतूरला आला. डुंबरे पाटलांच्या घरचं लग्न भटजीवाचून लागलं आणि हक्काच्या दक्षिणेसाठी जोशीबुवांनी कोर्ट गाठलं. पुस्तकातला विचार लग्नाच्या मांडवात शिरला की अशी पळापळ होते!

दुसरी आठवण कऱ्हाडची. १९७५ चं साहित्य संमेलन, देशात आणीबाणी. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. त्यांनी त्याच संमेलनात, सत्तेच्या समोर, अटकेतून नुकत्याच सुटलेल्या आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढं त्यांना तुरुंगात जावं लागलं. लोककथा, बौद्ध वाङ्मय, स्वयंपाक असल्या विषयांत रमणारी ही विदुषी. राजकारण तिचा धंदा नव्हता. तरी वेळ आली तेव्हा ती म्हणाली नाही की हा माझा प्रांत नव्हे.

आपण काय करतो? मी माझंच सांगतो. मागं एकदा युद्धाचा एक फोटो मी तावातावानं गावाच्या ग्रुपवर पाठवला. एका मुलीनं लिहिलं, "सर, हा जुना आहे, आणि दुसऱ्याच देशातला." चाळीस अंगठे मिळालेल्या फोटोखाली माफी मागितली, तिला दोन अंगठे मिळाले. त्यातला एक माझ्या बायकोचा.

आणि आणखी एक, जे सासुरवाडीत बोलू नये. दिल्लीनं आपला भाव पाडला यावर आपण तासभर बोलतो. पण आपल्याच वावरात उन्हात बसून कांद्याची काटणी करणाऱ्या बाईला रोज किती द्यायचा, यावर पारावर दोन मिनिटं कुणी बोलत नाही. आमच्या ग्रामीण कवितेतही ती बाई येते ती पाठमोरी, संध्याकाळच्या उजेडात, छान दिसणारी. तिचा हिशोब येत नाही. मीही तो कधी लिहिला नाही, हे आज कबूल करतो.

त्या डिसेंबरची लिलावाची पट्टी मी खिशात घालून आणलीय. छापील बाजूला वजन, भाव, हमाली, तोलाई. मागची बाजू कोरी. ही मी मागच्या टेबलावर ठेवतो. तुमच्याही कपाटात, देव्हाऱ्यामागं अशा पट्ट्या पडल्या असतील. उद्याच्या सत्राला येताना आणा. कोऱ्या बाजूवर त्या दिवशी जगात काय चाललं होतं ते लिहा, आणि त्याखाली त्या दिवशी काटणीला कोण होतं, तिला किती दिले, तेही लिहा. उद्याचं पहिलं सत्र मी कथाकथन रद्द करून त्याच्या वाचनासाठी ठेवतो आहे. कथाकारांनी रागावू नये. त्यांनीही पट्टी आणावी.