जजसाहेब किती वर्षं बसणार?

(वाडीवरच्या सभेतलं भाषण. बोललं तसंच छापलंय.)



वाड्यावाड्यांवरनं आलेल्या बायांनो, बाप्यांनो,

आजचा विषय ऐकून कोणी हसेल. हायकोर्टाच्या जजनं किती वर्षं खुर्चीवर बसायचं, असा विषय. आपल्याला त्याचं काय? दळीचा प्लॉट नावावर झाला की झालं! पण तो प्लॉट नावावर व्हायची वाट कुठून जाते बघा. वनहक्क समिती, ग्रामसभा, मग प्रांताकडची उपविभागीय समिती, मग कलेक्टरची जिल्हा समिती. तिथं दावा फेटाळला की उरतं मुंबई हायकोर्ट. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण चढत नाही, आपल्याला वर ढकलतात.

सरपंच पाच वर्षांसाठी, आमदार पाच वर्षांसाठी. जजचं तसं नाही. त्याला मुदत नाही, वय आहे. घटना झाली तेव्हा हायकोर्टाच्या जजचं वय ६० होतं, १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीनं ६२ झालं. सुप्रीम कोर्टाला ६५. हायकोर्टालाही ६५ करा, असं बिल २०१० ला आलं होतं. ते पास झालं नाही, २०१४ ला लोकसभेबरोबर संपलं.

वयाच्या हिशोबानं काय होतं, ते ऐका. न्यायमूर्ती छागला १९४७ ते १९५८ मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती. अकरा वर्षं! आणि न्यायमूर्ती धानुकांनी २८ मे २०२३ ला मुख्य न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतली, ३० मे ला निवृत्त. तीन दिवस. त्यांचा दोष नाही, जज म्हणून त्यांनी त्याच कोर्टात आधी बरीच वर्षं काम केलं होतं. पण तीन दिवसांत खुर्ची तरी गरम होते का?

आता आपल्याकडे या. समजा, एका वाडीची केस एका जजपुढं उभी राहिली. वकिलानं दळी म्हणजे काय ते सांगितलं, नकाशा दाखवला, जुन्या पावत्या दाखवल्या. जजला समजायला लागलं, आणि साहेब निवृत्त. नवीन जज आला की परत पहिल्यापासून. दळी म्हणजे काय, इथून सुरुवात. परत रेवसची लॉन्च, परत भाऊचा धक्का, परत मजुरी बुडाली. (रत्नागिरीवाल्यांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच मिळालं. आपण रायगडवाले मुंबईलाच.) १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला, आठवतंय ना? देशभर बोंब झाली, २८ तारखेला तो थांबवला. १३ तारखेच्या बेंचवरचे तिन्ही जज पुढं निवृत्त झाले. केस तोवर संपली नव्हती.

म्हणून काही लोक म्हणतात, वय सोडा, जजला ठरावीक वर्षं द्या. मला पटतं. पण एक गोष्ट नीट बघा. मुदत छोटी केली आणि ती वाढवायची चावी सरकारच्या हाती राहिली, तर आपण मेलो. वीटभट्टीवर उचल घेतलेला माणूस मुकादमापुढं तोंड उघडतो का? पुढच्या वर्षी परत त्याच्याकडंच जायचं असतं.

हे मी मनचं सांगत नाही. हायकोर्टात ॲडिशनल जज असतात, त्यांना जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमता येतं. कायम करायचं की नाही, ते मागाहून ठरतं. न्यायमूर्ती यू. आर. ललित मुंबई हायकोर्टाचे असेच ॲडिशनल जज होते. आणीबाणीत त्यांनी काही तरुणांना जामीन दिला. त्यांना कायम केलं नाही. आपल्या केसमध्ये समोर कोण असतं? सरकारच. फॉरेस्ट खातं, कलेक्टर. मग सरकारकडं डोळे लावून बसलेला जज आपल्याला चालेल?

निवृत्तीनंतरचंही तेच. देशाचे सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ ला निवृत्त झाले, मार्च २०२० ला राज्यसभेवर नेमले गेले. कायद्यात बसतं ते. माझ्या मनात बसत नाही.

मघाशी एका आजीनं विचारलं, पोरा, जज वाईट निघाला तर तो पण तितकीच वर्षं बसणार ना? बसणार, आजी. त्याला काढायचं तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, सोपं नाही ते. तरी मी म्हणतो, वाईट निकालावर वर अपील करता येतं. घाबरलेल्या जजवर अपील कुठं करायचं?

तर ठरावात एवढं लिहिलंय. जजला एकदाच नेमा, मुदत आधीच सांगा, ती वाढवू नका, आणि नंतर सरकारी पद देऊ नका. आणि ज्याची मुदत संपत आलीय, त्यानं ऐकत असलेली केस निकाल देऊनच उठावं. जमिनीच्या केसला तरी हे पाहिजेच.

कागद आता फिरवतो. पहिला बायांकडं द्या, नाहीतर तो बाप्यांमध्येच फिरत राहतो. सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण वाडीचं नाव पुढं लिहून घ्या.