घोडा फिरता ठेवा
(सोलापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर आपण लहानपणी पाठ केलं: न फिरवल्यामुळे. आजच्या विषयाचं सार त्यातच आहे. घोडा उतारवयाला लागला, वरातीला किंवा रपेटीला पूर्वीसारखा चालेना, की आपल्याकडे त्याला खुंट्याला बांधतात, पुढ्यात कडब्याची पेंढी टाकतात आणि ‘आता त्याला आराम’ म्हणतात. मालकाचा हेतू चांगलाच असतो. पण घोड्याचं शरीर असल्या आरामासाठी घडलेलं नाही. थोडं काम, दातांना झेपेल असा चारा आणि अंगावरून रोज फिरणारा माणसाचा हात, एवढं मिळालं तर विशीतला घोडाही पुढची काही वर्षं चांगल्या तब्येतीत काढतो. पशुवैद्य म्हणून घोडे पाहत आलो, त्या अनुभवातून हे तुमच्यापुढे ठेवतो आहे.

सोलापूरकरांपुढे घोड्यावर बोलायला निमित्त शोधावं लागत नाही. भीमा आपल्या जिल्ह्यातून वाहते आणि तिच्या काठच्या मुलखावरूनच भीमथडी तट्टाला नाव मिळालं. मराठ्यांच्या फौजांनी ज्यांच्या पाठीवर बसून मुलूख पालथा घातला, ती ही बुटकी, काटक, थोडक्या चाऱ्यावर तगणारी जनावरं. मेंढरं घेऊन निघालेल्या धनगरांचा संसार आजही यांच्याच पाठीवर असतो. अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. घोड्या-तट्टांची देशात नोंदली गेलेली ही आठवी जात. आषाढी वारीत माउलींचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. पुरंदवडे, खुडूस फाटा, बाजीराव विहीर इथल्या रिंगणांत ते दौडून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो, लग्नसराईत गल्लोगल्ली वराती निघतात. स्टेशनवरचे टांगे गेले, घोडा काही आपल्यातून गेलेला नाही. मग त्याच्या म्हातारपणाचं काय करायचं, हे आपणच बोलायला हवं.

घोड्याचं आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षांचं. अठरा-वीसनंतर तो म्हातारा म्हणायचा, पण वय आणि थकवा बरोबर चालतातच असं नाही. इंग्लंडमध्ये कालव्यातल्या नावा ओढणारा ‘ओल्ड बिली’ १७६० ते १८२२ असा ६२ वर्षं जगल्याची नोंद आहे. तो अपवाद खरा, पण नीट निगा राखलेले तिशीतले घोडे काही दुर्मीळ नाहीत.

म्हाताऱ्या घोड्याच्या तबेल्यात गेलो की मी आधी गव्हाणीत पाहतो. तिथं अर्धवट चावलेल्या कडब्याचे ओले, दोरीसारखे वळलेले गोळे पडलेले दिसले की निम्मं निदान तिथंच होतं. घोड्याची दाढ आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहते, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि तेवढीच ती चघळण्यात झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहते. तिला धार येते. ती धार गालाला नाहीतर जिभेला कापते. मग घोडा एकाच बाजूने चावतो, मान वाकडी करतो, घास टाकून देतो. पुढं दाढांचं मूळच संपतं आणि दाढ गळते. आता लीद मोडून पाहा. अख्खे हरभरे आणि लांब धागे दिसले तर तुमची चंदी घोड्याच्या अंगी लागत नाही, नुसती पोटातून प्रवास करून बाहेर पडते आहे.

शहराच्या जुन्या भागात वरातीचा एक पांढरा घोडा मी तपासला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पाठीचा कणा वर आलेला, कण्याच्या दोन्ही अंगांना खळगे. मालक म्हणाले, “डॉक्टरसाहेब, वय झालं त्याचं. खातो पण लागत नाही.” तोंडात हात घालून पाहिलं तर डाव्या गालाला आतून जुनी जखम आणि दाढेची कड विळ्यासारखी. गुंगीचं इंजेक्शन देऊन लांब दांड्याच्या कानशीने दाढा घासल्या आणि कडब्याच्या जागी भिजवलेली कुट्टी सुरू केली. दिवाळीपर्यंत कण्याच्या बाजूचे खळगे भरले. मालकांनी त्याला चारा कधीच कमी केला नव्हता; घोड्याला तो चावता येत नव्हता. म्हणून सांगतो, दात वर्षातून एकदा तरी आणि विशीनंतर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून पाहून घ्या.

आता चाऱ्याचं. आपला कडबा चांगला. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ज्वारीचा कडबा तर जनावरं आवडीनं खातात. पण दात झिजलेल्या घोड्याला अख्खी ताटं म्हणजे शिक्षा. न चावलेलं ताट आतड्यात जाऊन अडतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे हा शूळ जिवावर बेततो. कडब्याची बारीक कुट्टी करा, ती तासभर पाण्यात भिजवा, जोडीला लसूणघास द्या. हिरवी कोवळी ज्वारी मात्र घोड्याला घालू नका. तिच्यात विषारी सायनाइड तयार होतं. शिवाय घोड्याने ती रोज खाल्ली तर मूत्राशय सुजतं आणि मागचे पाय लटपटू लागतात. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच कमी असतो.

३०० किलोच्या तट्टाला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेचार ते सहा किलो कोरडा चारा लागतो. हरभरा भिजवून, भरडून द्या. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा ठेवू नका; कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं, त्यामुळे हाडं पोकळ होतात. लसूणघासाने ही तूट भरून निघते. वजन वाढवायचं असेल तर दाणा वाढवत नेण्यापेक्षा करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल बरं. दोन चमच्यांपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत हळूहळू पेलाभरापर्यंत जावं. चाऱ्यातला कोणताही बदल आठ-दहा दिवसांत सावकाश करायचा, कारण घोड्याचं पचन मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं आणि त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हावी लागते.

वजन डोळ्यांनी ठरवू नका. हिवाळ्याचे केस आणि सुटलेलं पोट फसवतात. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन सुमारे २६५ किलो येतं. दर महिन्याला हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. त्याबरोबर हातानेही तपासा. अमेरिकेतल्या हेनेके यांनी १९८३ मध्ये घोड्याची अंगलट १ ते ९ अशी मोजण्याची पद्धत मांडली आणि जगभर ती वापरतात. मान, खांद्यांवरचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, या सहा जागी हात फिरवायचा. बरगडी दिसत नाही पण बोटांना सहज लागते, ही मधली पायरी, म्हणजे ५. म्हातारा घोडा तिथं राहिला की पुरे.

कामाकडे येतो. निम्मा निवृत्त घोडा म्हणजे निम्मं काम करणारा घोडा. बांधून ठेवलेल्या घोड्याचे सांधे आखडतात, पायांना सूज येते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि पाठीचे स्नायू वितळतात. गेलेला स्नायू विशीनंतर परत यायला फार काळ लागतो. म्हणून काम थांबवू नका, उतरवत न्या. वरातीची तारीख रोज नसेल तर रोज अर्धा-पाऊण तास चालवा. पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त चाल, मग अंग मोकळं झाल्यावर थोडी दुडकी, शेवटी पुन्हा चाल. मऊ मातीचा रस्ता धरा. एखादा शाळकरी पोर पाठीवर बसला तर दोघांचंही भलं होतं. फिरून आला की खरारा करा. खरारा केवळ स्वच्छतेसाठी नसतो. त्या निमित्ताने हात सगळ्या अंगावरून जातो आणि गाठ, जखम, सूज, गरम झालेला खूर पहिल्याच दिवशी कळतो.

आपल्या गावचं ऊन मात्र घोड्याची परीक्षा पाहतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ काम घेऊ नये, दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नको आणि सलग ५ तासांनंतर विश्रांती हवी, असं त्यांत म्हटलं आहे. हे तरुण जनावरासाठीसुद्धा आहे. म्हाताऱ्याला उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी आणि मावळतीनंतरच बाहेर काढा. दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. मिठाचा खडा कायम पुढ्यात असू द्या. कडक उन्हात घोड्याला घामच येईनासा झाला आणि श्वास भराभर चालू लागला, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा.

पायाचं थोडक्यात. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाचा हात लागलाच पाहिजे, घोडा कामावर असो वा नसो. डांबरावर चालत नसेल तर नाल काढून टाकता येते, पण खूर कापणं सोडता येत नाही. वाढलेल्या खुरामुळे सगळं वजन टाचेकडे सरकतं आणि आधीच झिजलेल्या सांध्यांवर ताण येतो. खुराच्या तळाची माती रोज काढा. लिदीत आणि ओलीत उभ्या राहिलेल्या घोड्याचा तळ कुजतो.

‘म्हातारा झाला’ हे निदान नव्हे, हे मला आज सगळ्यांत जास्त जोर देऊन सांगायचं आहे. घोडा रोडावतो तेव्हा दातांखेरीज इतर कारणंही असतात. गोमाशीच्या चाव्याने पसरणाऱ्या सरा रोगात ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, पायांवर सूज येते; मालक ते वयावर ढकलतो आणि रक्ताच्या साध्या तपासणीत सापडू शकणारा, औषध असलेला रोग जीव घेतो. फाल्गुन-चैत्रात बाकीच्या घोड्यांचे केस गळून अंग चकचकीत होतं आणि एखाद्याच म्हाताऱ्याच्या अंगावर लांब, कुरळी लोकर राहते, तो फार पाणी पितो, त्याचं पोट सुटतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा हा विकार. अशा घोड्याला प्रेमाने दिलेला गूळ त्याच्या खुरांवर उठतो. खुराच्या आतला थर सुजतो आणि घोडा पाऊल टाकायला तयार होत नाही. जंताचं औषध लीद तपासून द्या, धनुर्वाताची लस चुकवू नका. निरोगी घोड्याची नाडी विसाव्यात मिनिटाला २८ ते ४४ आणि अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश. हे आकडे प्रत्येक घोडेवाल्याच्या घरात माहीत असावेत.

हे सगळं परवडायचं कसं, असं मालक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. वरातीवर पोट असणाऱ्या माणसाला कमाई न करणारं जनावर पोसणं जड जातं. आपली परंपरा याबाबत स्पष्ट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात युद्धाने, रोगाने, म्हातारपणाने किंवा कामाने थकलेल्या घोड्यांना पोटापुरता चारा द्यावा, असं सांगितलं आहे. ज्या राज्यशास्त्राने पै-पैचा हिशेब मांडला, त्याने थकलेला घोडा खर्चात धरला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही जनावराला उपाशी ठेवणं, वाऱ्यावर सोडून देणं किंवा वयाने काम न झेपणाऱ्याला कामाला जुंपणं हा गुन्हा ठरवला आहे.

म्हणून माझं मागणं तिघांकडे आहे. मालकांनी लग्नसराईतल्या प्रत्येक सुपारीतून थोडी रक्कम घोड्याच्या उतारवयासाठी वेगळी ठेवावी. घोडा तरुण असताना हे जमतं, म्हातारा झाल्यावर जमत नाही. वऱ्हाडी मंडळींनी दुपारच्या उन्हात वरात काढू नये, घोड्याच्या कानाशी फटाके लावू नयेत, आणि म्हातारा घोडा आला म्हणून दर पाडू नये. तासाभराच्या सावकाश वरातीला शहाणा, शांत, उतारवयातला घोडाच सगळ्यांत भरवशाचा. आणि ज्यांच्याकडे गावाबाहेर चार गुंठे मोकळी जागा आहे, त्यांनी ती एखाद्या घोडेवाल्याला सकाळ-संध्याकाळ घोडा फिरवण्यासाठी द्यावी. शहरात म्हातारे घोडे खुंट्याला अडकतात, त्याचं मोठं कारण जागा नाही हेच आहे. या सभागृहात अशी जागा असलेले लोक नक्की आहेत. व्याख्यान संपल्यावर मी इथंच थांबतो आहे, आपण बोलू.